फीडर रिकामा होतो, पण हरीण औषधालाही दिसत नाही: मक्याच्या फीडरचं दर हंगामातलं दुखणं

ऑक्टोबर उजाडला की टेक्सासमध्ये जमीन घेतलेल्या आपल्या मंडळींकडून एकच तक्रार ऐकू येते. फीडरचं, म्हणजे हरणांसाठी ठरल्या वेळी मका उधळणाऱ्या यंत्राचं, पिंप काठोकाठ भरून ठेवलं होतं, दोन आठवड्यांत तळ दिसायला लागला, आणि हरीण मात्र औषधालाही दिसलं नाही. मग कोणी टायमर बदलतं, कोणी मक्यात गोड वासाची पावडर मिसळतं, कोणी दुसरा फीडर आणून उभा करतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

माझी जमीन हिल कंट्रीत, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला पसरलेल्या चुनखडीच्या टेकड्यांत आहे. शेजारपाजारचे फीडर बघून देणं हे आता माझ्याकडेच आलंय. इतके फीडर उघडून बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा जमिनीवर उरलेल्या मक्यात असतं. उरलेला मका रॅकून या रात्री हिंडणाऱ्या चोरट्या प्राण्यांना बोलावतो, रानडुकरांना बोलावतो, ओल लागली की बुरशी धरतो. आणि आमिषावर शिकार करावी की नाही या अमेरिकेतल्या वादात सगळ्यात वजनदार मुद्दाही याच उरलेल्या मक्याचा आहे. म्हणून यंत्राची दुरुस्ती आणि वाद, दोन्ही इथे एकत्रच घेतो.

शिकार न करणाऱ्यांनीही हे वाचावं. घरामागे हरणं बघायला मिळावीत म्हणून बारा महिने मका टाकणारी बरीच मराठी घरं मला माहीत आहेत, आणि त्यांच्याकडे हे दुखणं जास्तच असतं.

आधी फेक तपासा

फीडरची रचना साधी असते. वर पिंप, पिंपाच्या तळाला नरसाळं, नरसाळ्याच्या तोंडाखाली चकती आणि चकतीखाली मोटर. मका स्वतःच्या वजनाने चकतीवर उतरतो, ढीग नरसाळ्याच्या तोंडापर्यंत चढला की आपोआप थांबतो. टायमरने मोटर सुरू केली की चकती गरगर फिरून दाणे चौफेर उधळते. यात बिघडण्यासारख्या जागा मोजक्याच आहेत.

पहिली चाचणी अशी करा. चकतीच्या भोवती मोठी प्लॅस्टिकची पिशवी किंवा जुनी चादर सैलसर बांधा आणि टायमरचं चाचणीचं बटण दाबून पाच सेकंद मोटर चालवा. पिशवीत पडलेला मका तोला आणि वजनाला पाचने भागा, म्हणजे एका सेकंदाचा मका कळेल. दिवसातून किती वेळा आणि किती सेकंद फेक लावली आहे त्याने गुणा, की दिवसाचा खरा खर्च निघतो. लोक इथेच चकित होतात. "फक्त दहा सेकंद लावलंय" असं सांगणाऱ्याच्या फीडरमधून रोज कितीतरी पौंड मका जात असतो. मोटर ताकदीची असेल आणि नरसाळ्याचं तोंड मोठं असेल, तर दहा सेकंद म्हणजे फार झाले. ५५ गॅलनच्या पिंपात तीनशे पौंडांहून जास्त मका मावतो, आणि तो दोन आठवड्यांत संपत असेल तर दिवसाला वीस पौंडांच्या वर खर्च आहे. एवढा मका तुमच्या हरणांनी खाल्लेला नाही, हे तिथेच कळतं.

मग नरसाळं आणि चकती यांच्यातलं अंतर बघा. मोटर बंद असताना चकतीवरचा ढीग चकतीच्या काठाच्या आत राहिला पाहिजे. अंतर जास्त असेल तर ढीग काठाबाहेर येतो आणि दाणे दिवसभर गळत राहतात. टांगलेला फीडर वाऱ्याने हलत असेल तर ही गळती आणखी वाढते. अंतर फारच कमी असेल तर दाणा अडकतो, मोटर नुसती घरघरते आणि जळते. चकती मोटरच्या दांड्यावर एका बारीक स्क्रूने बसवलेली असते, तो सैल झाला की चकती खाली सरकते. अर्ध्या तक्रारी पाना फिरवून मिटतात.

बॅटरीचं एक लक्षात ठेवा. नुसती बॅटरी मल्टिमीटरवर सहा व्होल्टच्या वर आकडा दाखवते म्हणून ती चांगली आहे असं समजू नका. मोटर फिरत असताना मोजा. जुनी बॅटरी भार पडला की कोसळते. टायमरचा पडदा व्यवस्थित आकडे दाखवत राहतो, पण चकती दमल्यासारखी फिरते आणि सगळा मका फीडरच्या पायाशीच पडतो. एका जागी साचलेला हा ढीग रानडुकरांच्या पथ्यावर पडतो. सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून आहे ना, त्यावर पक्ष्यांची घाण साचलेली नाही ना, हेही बघून घ्या. टायमरचा डबा उघडताना हात जपून घाला. इथल्या लाल आगमुंग्यांना ती कोरडी, उबदार जागा फार आवडते, आणि उंदरांनी कुरतडलेली वायर तिथेच सापडते.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा टायमरला हात लावू नका. हरणं सूर्याच्या आणि फेकीच्या आवाजाच्या हिशोबाने येतात. बदललेल्या घड्याळाशी तुम्ही जुळवून घ्या.

खातंय कोण?

फेक ठीक असेल तर कॅमेरा लावा. फीडरपासून थोडा लांब, उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे उगवतीचं आणि मावळतीचं ऊन भिंगात येणार नाही. आठवडाभर काही बदलू नका. नुसतं बघा.

रॅकून तिवईच्या पायावरून वर चढतो, एका हाताने लोंबकळतो आणि दुसऱ्या हाताने चकती फिरवतो. दाणे खाली पडतात, तो उतरून खातो, पुन्हा चढतो. सगळं कुटुंब असेल तर एक वर आणि बाकीची खाली. चकतीभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा हा यावरचा खरा उपाय. पायांना ग्रीस फासणं वगैरे प्रकार पहिल्या पावसापर्यंतच टिकतात. पिंजऱ्याच्या फटी मका बाहेर पडण्याइतक्या मोठ्या आणि हात आत न जाण्याइतक्या लहान हव्यात. रॅकूनचा प्रश्न मक्याच्या खर्चापुरता नाही. तो जमिनीवर घरटी करणाऱ्या टर्की आणि क्वेल या पक्ष्यांची अंडी खातो. तुम्ही फीडर चालवून त्याला एका जागी गोळा करता, तेव्हा आसपासच्या घरट्यांवर गदा येते. वसंतात तरी फीडर बंद ठेवावा असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

रानडुकरं आली की हरणं मागे सरतात. फीडरभोवतीची जमीन नांगरल्यासारखी उकरलेली दिसली की कॅमेऱ्याचीही गरज नाही. यावर इथे सगळे वापरतात तो उपाय म्हणजे कुंपण. ३४ इंच उंच आणि १६ फूट लांब तयार लोखंडी जाळ्या मिळतात, त्यांचं वर्तुळ करायचं. मोठी हरणं वरून सहज उडी मारतात, डुकरांना ते जमत नाही. पण वर्तुळ लहान करू नका. तीन-चार जाळ्यांच्या खुराड्यात हरीण उतरायला बुजतं, आणि चकतीचा मका जाळीबाहेर उडून पुन्हा डुकरांच्याच तोंडी जातो. आठ जाळ्यांचं वर्तुळ साधारण ४० फूट व्यासाचं होतं. त्यात फेक आत राहते आणि हरणांना पळवाटही दिसते. फेक संपल्यावर जाळीबाहेर हिंडून दाणे दिसतात का ते बघा, आणि दिसले तर सेकंद कमी करा.

बुरशी

इथे घाई करू नका. बाकीच्या चुका पैशाच्या असतात, ही जिवावरची आहे.

टेक्सासच्या हिवाळ्याच्या तोंडावर दिवसा ऊन चटके देतं आणि रात्री गारठा पडतो. पत्र्याचं पिंप आतून घामेजतं. झाकणाखाली पाण्याचे थेंब जमतात, वरच्या मक्यावर पडतात, आणि ओल बाजूने झिरपत नरसाळ्यापर्यंत पोचते. तिथे मक्याचा भुसा आणि कणी साचलेली असते. त्यात पाणी मिसळलं की राखाडी-हिरवट, घट्ट गोळा तयार होतो आणि तोंड बंद होतं. फीडर उघडून खालून काठीने टोचलं की तो गोळा भसकन खाली येतो, त्याला आंबूस-कुबट वास असतो, आणि त्यामागून मका धो धो वाहायला लागतो. लोक तो गोळा तिथेच झुडपात फेकतात आणि मोकळे होतात.

असं करू नका. मक्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर घाव घालतं. पक्षी आणि लहान पिल्लं त्याला मोठ्या हरणांपेक्षा जास्त बळी पडतात, आणि कुत्र्यांनाही ते फार बाधतं. फीडरखालचा मका हुंगत चघळणारा तुमचा कुत्रा याच यादीत आला. दुभत्या जनावरांच्या आणि लहान वासरांच्या मक्याला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाची मर्यादा अब्जात २० भागांची आहे. कत्तलीआधी पोसल्या जाणाऱ्या मांसाच्या गुरांसाठी तीच मर्यादा ३०० आहे. म्हणजे एका जनावराला चालणारा मका दुसऱ्याला चालेलच असं नाही. पोतं घेताना ते वन्यप्राण्यांसाठी म्हणून विकलं जातंय का आणि अफ्लाटॉक्सिनची मर्यादा छापली आहे का, हे वाचून घ्या. कुठल्या तरी कोठारातला उरलासुरला स्वस्त मका नको.

हे विष डोळ्यांना दिसत नाही. बुरसटलेल्या प्रत्येक मक्यात ते असतं असं नाही, आणि स्वच्छ दिसणाऱ्या मक्यात नसेलच अशीही खात्री नाही. त्यामुळे वास घेऊन किंवा वरचा थर काढून "खालचा चांगला आहे" म्हणू नका. पिंपात ओला गोळा सापडला की सगळं पिंप रिकामं करा, तो मका बंद पिशवीत कचऱ्यात द्या किंवा खोल पुरा, ओढ्याकाठी टाकू नका. पिंप धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, मगच भरा. झाकणाची रबरी पट्टी बदला. धूळ काढलेला, चाळलेला मका थोडा महाग पडतो, पण नरसाळं तुंबणं त्याने बरंच थांबतं. पिंप काठोकाठ भरण्याची हौस सोडा. दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच मका घाला, आणि उन्हाळ्यात, दमट हवेत तर घालूच नका.

सगळं ठीक आहे, तरी हरणं येत नाहीत

मग वर बघा. ओकच्या झाडांना फळं लागली आहेत का? लाइव्ह ओक आणि पोस्ट ओक यांचा बहर दर वर्षी सारखा नसतो. ज्या वर्षी तो भरपूर असतो, त्या वर्षी हरणं फीडरकडे ढुंकूनही बघत नाहीत. रानातलं खाणं त्यांना आपल्या मक्यापेक्षा प्यारं असतं. यावर उपाय नाही, आणि मला तो शोधावासाही वाटत नाही. फेक निम्म्यावर आणा, फळं संपली की हरणं परततात.

दुसरं कारण माणूस. कॅमेऱ्यात मध्यरात्रीची हरणं दिसतात आणि उजेडात एकही नसतं, याचा अर्थ त्यांना तुमची चाहूल लागली आहे. दर दोन दिवसांनी फीडरपाशी जाऊन बघणं, गाडी थेट जवळ नेणं, वारा पाठीमागून फीडरकडे वाहत असताना मचाणावर जाऊन बसणं, या सगळ्याने जुने नर तर हमखास रात्रीचे होतात. फेक वाढवली तर त्यांना रात्री खायला आणखी मका मिळतो, एवढंच. उलट करा. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी अंधाराआधी तासभर, दोनच फेकी, थोड्या सेकंदांच्या. अर्ध्या तासात जमीन साफ झाली पाहिजे. उशिरा येणाऱ्याला काही मिळत नाही म्हटल्यावर हरणं वेळेवर यायला लागतात.

आणि आता तो वाद

टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मक्याच्या आमिषावर हरणांची शिकार कायदेशीर आहे. राज्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी असल्यामुळे ही इथली रीतच पडली आहे. सार्वजनिक शिकारीच्या जमिनींवर आमिष चालत नाही. दुसऱ्या राज्यांत गेलात तर नियम बदलतात. कोलोरॅडोत हरणांना आमिष लावणं गुन्हा आहे. विस्कॉन्सिनमध्ये ते जिल्ह्यावर अवलंबून आहे.

होले, म्हणजे डव्ह पक्षी, मारणाऱ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावं. टेक्सासच्या बऱ्याच भागात होल्यांचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो, आणि त्याच सुमारास लोक हरणांचे फीडर सुरू करतात. स्थलांतरित पक्ष्यांना आमिष लावून मारायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे, आणि सगळा दाणा उचलल्यावरही ती जागा दहा दिवस आमिषाचीच धरली जाते. मका हरणांसाठी होता ही सबब चालत नाही.

आमिषाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं आहे. सीडर आणि मेस्कीटच्या दाट झुडपांत हरीण दहा पावलांवर असूनही दिसत नाही. फीडरपाशी ते उभं राहतं, अंतर माहीत असतं, मादी की नर, पिल्लू मागे आहे का, हे नीट बघून गोळी चालवता येते. जखमी होऊन रानात पडून राहणारी हरणं कमी होतात. टेक्सासमध्ये हरणं लाखोंनी आहेत, आणि माद्यांची संख्या आटोक्यात ठेवली नाही तर रानाचा पाला पुरत नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं आहे की शिकारीत प्राण्याला निसटायची खरी संधी हवी. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला, तेव्हापासून हा विचार अमेरिकन शिकाऱ्यांत मुरलेला आहे. यावर दोन प्रामाणिक माणसांचं एकमत होईल असं मला वाटत नाही.

रोगाचं मात्र वेगळं आहे. तिथे मतांपेक्षा लाळ बोलते.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग, १९६७ साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत पहिल्यांदा लक्षात आला. आज तो अमेरिकेच्या तीसहून जास्त राज्यांत आहे. टेक्सासमध्ये तो २०१२ साली न्यू मेक्सिकोच्या सीमेलगत म्यूल हरणांत सापडला आणि २०१५ साली मेडिना काउंटीत पाळीव पांढऱ्या शेपटीच्या हरणांत. त्याचं कारण जंतू नाही, चुकीची घडी पडलेलं प्रथिन आहे, त्याला प्रायॉन म्हणतात. ते लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. औषध नाही, लस नाही, आणि लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसत राहतं. एकाच दहा फुटांच्या तुकड्यात रोज वीस हरणं तोंड घालत असतील, तर त्या मातीत काय साठत जात असेल याचा विचार करा.

मिशिगनने हे दोनदा पाहिलं. आधी ईशान्य भागात हरणांमध्ये गुरांचा क्षयरोग पसरला, आणि मका, गाजरं, शुगरबीट यांच्या ढिगांभोवती होणाऱ्या गर्दीवर तज्ज्ञांनी बोट ठेवलं. नंतर प्रायॉनचा रोग आला आणि ३१ जानेवारी २०१९ पासून खालच्या द्वीपकल्पात आमिषावर बंदी आली. वरच्या द्वीपकल्पात परवानगी ठेवली, पण एका जागी दोन गॅलनच, आणि तेही किमान दहा बाय दहा फुटांत पसरून. या नियमामागचा विचार मला मोलाचा वाटतो. थोडं टाका आणि विखुरून टाका.

तिकडच्या बर्फाच्या प्रदेशात आणखी एक संकट आहे. हिवाळ्यात काटक्या-साली खाऊन जगणाऱ्या हरणाला अचानक मक्याचा ढीग मिळाला, तर रवंथ करणाऱ्या त्याच्या पोटाला एवढा पिष्टमय पदार्थ झेपत नाही. आम्ल वाढतं आणि हरीण भरल्या पोटी मरतं. दया म्हणून टाकलेला मका असा जीव घेतो.

खुराक म्हणूनही मका कमीच पडतो. त्यात प्रथिनं आठ टक्क्यांच्या आसपास, आणि दूध पाजणाऱ्या मादीला किंवा शिंगं वाढवणाऱ्या नराला त्याच्या दुप्पट लागतात. १९९५ च्या घटनादुरुस्तीनंतर टेक्सासमध्ये शेतीची करसवलत वन्यजीव व्यवस्थापनावर चालू ठेवता येते, त्यासाठी सातपैकी किमान तीन कामं करावी लागतात, आणि पूरक आहार हे त्यातलं एक. हंगामापुरता मक्याचा फीडर त्यात धरला जाईल या भरवशावर राहू नका, आधी काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात विचारा. गवत जाळून, सीडर काढून, पाण्याची सोय करून तेवढ्याच पैशात हरणांचं जास्त भलं होतं.

माझं म्हणणं असं. जिथे कायदा परवानगी देतो आणि रोग सापडलेला नाही, तिथे हंगामापुरता फीडर चालवा, पण जमिनीवर दाणा उरू देऊ नका. दर काही आठवड्यांनी फीडरची जागा बदला. शेजाऱ्याच्या कुंपणाला लागून तो लावू नका. काउंटीत रोग सापडला की कायद्याची वाट न बघता फीडर उतरवा. आणि घरामागे हौसेने मका टाकणाऱ्यांनी तो आजच थांबवावा. काही गावांत त्यावर बंदीच आहे, आणि हरणं मक्यासाठी रस्ता ओलांडताना गाड्यांखाली येतात ती वेगळीच.

हडकलेलं, मान खाली घातलेलं, लाळ गाळणारं हरीण दिसलं तर जवळ जाऊ नका, राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करून जागा सांगा. मारलेल्या हरणाची तपासणी करून घ्या. खात्याच्या तपासणी केंद्रांवर ती मोफत होते, फक्त डोकं मानेच्या वरच्या भागासकट थंड ठेवून न्यायचं. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण लागण झालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं, आणि शिजवल्याने प्रायॉन मरत नाही. त्यामुळे अहवाल येईपर्यंत प्रत्येक हरणाचं मांस वेगळ्या पिशवीत, तारीख आणि पावतीचा नंबर लिहून फ्रीझरमध्ये ठेवा, दुसऱ्या हरणाच्या खिम्यात मिसळू नका, आणि हाडं-आतडी रानात न टाकता तुमच्या भागातल्या नियमाप्रमाणे जिथल्या तिथे खोल पुरा किंवा मान्य कचरा डेपोत द्या.